नरकाचा खटला

८ फेब्रुवारी १८६४. लंडनमधल्या डाउनिंग स्ट्रीटवर प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीचं दालन. आपल्याकडची दत्तकविधानाची, वाटणीची, इनाम-वतनांची भांडणं खालच्या कोर्टांतून वर चढत शेवटी जिथे जाऊन थांबत, ती हीच जागा. इथला निकाल लागला की दोन पिढ्या चाललेला भाऊबंदकीचा दावा संपे. त्या दिवशी मात्र तिथे ना कुणाची जमीन होती, ना वारस. प्रश्न निराळाच होता. चर्च ऑफ इंग्लंडच्या एखाद्या पाळकानं ‘नरकात पडलेल्या पाप्यांनाही देव शेवटी सोडवील’ अशी आशा छापून प्रसिद्ध केली, तर तो गुन्हा ठरतो की नाही?

न्यायासनावर सात जण होते. चार कायदेपंडित, आणि कँटरबरीचे आर्चबिशप, यॉर्कचे आर्चबिशप व लंडनचे बिशप असे तीन धर्माधिकारी. निकाल वाचला तो लॉर्ड चॅन्सलर वेस्टबरी यांनी. हा गृहस्थ तिरकस जिभेबद्दल प्रसिद्ध होता आणि भाविकपणाबद्दल अजिबात नव्हता. देवानं आपल्या नरकाच्या वकिलीसाठी असा न्यायाधीश निवडावा, याची गंमत तेव्हाच्या लंडनलाही वाटली असणार.

भांडण समजून घ्यायचं तर मुळात हा नरक कसा होता ते पाहायला हवं. मराठी माणसाला नरक नवा नाही. कीर्तनात रौरव, कुंभीपाक ऐकून अंगावर काटा आलेल्या पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या. पण आपला नरक हा मुदतीचा तुरुंग आहे. पापाचा हिशेब फिटला की जीव बाहेर पडतो, पुन्हा जन्म घेतो, पुन्हा घोळ घालतो. ख्रिस्ती शिकवणीत माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो आणि मग एकदाच न्याय होतो. त्यानंतर अपील नाही, सुटका नाही, मरणसुद्धा नाही. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत नरकाला ‘यमकोंड’ म्हणतात. शब्दात यम आला खरा, पण यमाच्या दरबारातली मुदत काही त्याच्याबरोबर आली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या इंग्लंडात ही शिकवण फक्त धर्मपंडितांच्या ग्रंथांत राहत नव्हती, ती लहान मुलांपर्यंत पोचवली जात होती. फादर जॉन फर्निस नावाच्या कॅथलिक धर्मगुरूनं मुलांसाठी नरकदर्शनाची एक स्वस्त पुस्तिका लिहिली. तिच्यात नरकाची एकेक कोठडी उघडून दाखवली आहे. एका कोठडीत तापून लाल झालेल्या जमिनीवर अनवाणी उभी असलेली मुलगी, तर एका कोठडीत लालभडक भट्टीत तडफडणारं लहान मूल. पुस्तिका भरपूर खपली. प्रॉटेस्टंटांकडेही वेगळं चित्र नव्हतं. हजारोंची गर्दी खेचणारे लंडनचे प्रवचनकार स्पर्जन यांनी तर पाप्याच्या देहाला अ‍ॅस्बेस्टॉसची उपमा दिली, म्हणजे आगीत कायम राहील पण कधी जळून संपणार नाही असा देह. कारखान्यांच्या युगाला साजेशीच उपमा ती.

अर्थात या नरकाबद्दल शंका घेणारे पहिल्यापासूनच होते. तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनला वाटे की शेवटी सगळी सृष्टी देवाकडे परत येईल. त्याच्या नावाशी जोडलेली ही मतं पुढे सहाव्या शतकात धिक्कारली गेली. संत ऑगस्टीननं तर ‘देवाचं नगर’ या ग्रंथात या दयाळू मंडळींचा समाचार घेतला होता. त्याचा मुद्दा तेव्हाही बिनतोड वाटे आणि आजही सहज उडवून लावता येत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटी एकाच वाक्यात शिक्षा आणि जीवन या दोहोंना एकच विशेषण लावलं आहे. शिक्षा संपणारी मानली, तर स्वर्गही संपणारा मानावा लागेल.

तो शब्द ग्रीक भाषेत ‘आयोनिओस’. त्याचं मूळ ‘आयोन’, म्हणजे युग. पुढचं सगळं रामायण या एका शब्दावरून घडलं.

त्याची सुरुवात खटल्याच्या अकरा वर्षं आधी झाली होती. लंडनच्या किंग्ज कॉलेजात फ्रेडरिक डेनिसन मॉरिस हे धर्मशास्त्राचे, आणि इतिहास-वाङ्मयाचेही, प्राध्यापक होते. शांत, काहीसे धूसर बोलणारे, विद्यार्थ्यांना पटकन न कळणारे, पण एकदा कळले की जन्मभर न सुटणारे असे. त्यांचे वडील युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. घरातल्या बायका मात्र एकामागून एक तो पंथ सोडून गेल्या. त्यांची आई तर कडव्या कॅल्व्हिनवादाकडे, म्हणजे कोण तरणार हे देवानं आधीच ठरवलेलं असतं या मताकडे, वळली आणि आपण देवानं निवडलेल्यांपैकी नाही, अशी तिची खात्री झाली. घरातलंच माणूस आपल्याला नरकच लिहिलेला आहे असं मानून रोज स्वयंपाक करतं, चहा ओततं, हे ज्यानं वाढत्या वयात पाहिलं त्यानं पुढे या विषयावर लिहिलं यात नवल नाही.

१८५३ साली मॉरिस यांचा धर्मविषयक निबंधांचा संग्रह निघाला. शेवटच्या निबंधात त्यांनी ‘आयोनिओस’ला हात घातला. त्यांचं म्हणणं असं की हा शब्द काळाची लांबी मोजत नाही. ‘न संपणारा’ हा त्याचा अर्थच नाही. योहानाच्या शुभवर्तमानात सार्वकालिक जीवन म्हणजे देवाला ओळखणं असं सांगितलं आहे, मग सार्वकालिक मृत्यू म्हणजे देवाला मुकणं. त्यात वर्षं मोजण्याचा प्रश्न येतोच कुठे? मग शिक्षा कधी तरी संपते का, असं खोदून विचारलं तर मॉरिस सांगत की ते मला ठाऊक नाही आणि कुणालाच ठाऊक असू शकत नाही. सर्वांचा उद्धार होणारच, असं त्यांनी कधीच म्हटलं नाही.

कॉलेजचे प्राचार्य रेव्हरंड जेल्फ यांना एवढंही पुरेसं होतं. त्यांना हो किंवा नाही असं उत्तर हवं होतं. लांबलचक पत्रव्यवहार झाला. ऑक्टोबर १८५३ मध्ये कॉलेजच्या कौन्सिलनं ठरवलं की मॉरिस यांची मतं विद्यार्थ्यांच्या मनाला धोकादायक आहेत. कौन्सिलचे एक सभासद ग्लॅडस्टन, पुढे चार वेळा पंतप्रधान झालेले. निर्णय घेण्यापूर्वी हा प्रश्न धर्मपंडितांकडे सोपवावा अशी सूचना त्यांनी मांडली, ती फेटाळली गेली. मॉरिस यांची दोन्ही प्राध्यापकपदं गेली. इतिहासाचा आणि वाङ्मयाचा प्राध्यापक नरकाच्या व्याकरणावरून नोकरीला मुकतो, यातला विनोद किंग्ज कॉलेजला तेव्हा कळला नाही. पुढच्याच वर्षी मॉरिस यांनी लंडनमध्ये कामगारांसाठी कॉलेज काढलं. कवी टेनिसननं त्यांना आपल्या मुलाचा धर्मपिता केलं आणि आपल्या घरी येण्याचं आमंत्रण देणारी एक कविता त्यांच्यासाठी लिहिली. म्हणजे हद्दपारी तशी सुखाची झाली.

मॉरिस यांच्या वर्गात तेव्हा एक विद्यार्थी बसत असे. त्याच्याकडे पुढे यायचंच आहे.

१८६० च्या मार्चमध्ये ‘निबंध आणि समीक्षा’ या साध्यासुध्या नावाचं पुस्तक निघालं. सात लेखक, त्यातले सहा धर्मगुरू. डार्विनचं ‘ओरिजिन’ येऊन चारच महिने झाले होते, पण पाद्र्यांची झोप जास्त उडवली ती या पुस्तकानं. डार्विन काही झालं तरी बाहेरचा माणूस, हे तर घरचेच होते. सातांपैकी बेडन पॉवेल हे ऑक्सफर्डचे गणिती होते. त्याच वर्षी जूनमध्ये ते वारले आणि त्यामुळे कोर्टाच्या कचाट्यातून सुटले. (त्यांचा तीन वर्षांचा मुलगा पुढे बालवीर चळवळीचा जनक झाला.) विरोधकांनी या सात लेखकांना ‘ख्रिस्ताविरुद्ध सात’ असं टोपणनाव दिलं.

खटला दोघांवर भरला. रोलंड विल्यम्स यांच्यावर बायबलच्या ईश्वरी प्रेरणेबद्दल आक्षेप होते. ग्रेट स्टॉटन या खेड्याचे पाळक हेन्री ब्रिस्टो विल्सन यांच्यावर त्यांच्या निबंधाच्या शेवटच्या ओळींबद्दल. तिथे त्यांनी अशी आशा बोलून दाखवली होती की लहानमोठे सगळे जीव शेवटी विश्वपित्याच्या कुशीत विसावतील, कदाचित लगेच नाही, पण युगांच्या ओघात. एवढंच. नरक नाहीच, असं त्यांनीही म्हटलं नव्हतं.

विल्यम्स यांची बाजू खालच्या धर्मन्यायालयात मांडणारा तरुण बॅरिस्टर होता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. हे नाव आपल्याकडे वकिलांना वेगळ्याच कारणानं ठाऊक आहे. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा त्यानंच तयार केला, आणि तो कायदा २०२४ पर्यंत आपल्या कोर्टांत चालला. धर्मग्रंथांबद्दल पाळकाला काय लिहिता येतं आणि काय नाही, यावर वाद घालून झाल्यानंतर साक्षीपुराव्याचे नियम बांधणं त्याला सोपंच गेलं असेल.

धर्मन्यायालयाचे न्यायाधीश लशिंग्टन यांनी १८६२ मध्ये बहुतेक आरोप उडवून लावले, पण उरलेल्यांवरून दोघांनाही एक वर्षासाठी पदावरून दूर केलं. अपील झालं आणि नरक डाउनिंग स्ट्रीटवर पोचला.

वेस्टबरींनी प्रश्न चतुराईनं लहान केला. शिकवण खरी की खोटी, हे ठरवायला आम्ही बसलेलो नाही. इंग्लंडच्या चर्चच्या अधिकृत मतपत्रांत अशी आशा बाळगण्याला स्पष्ट मनाई आहे की नाही, एवढंच आम्ही पाहणार. आणि इथे इतिहासातली एक गंमत कामी आली. १५५३ मध्ये चर्चनं बेचाळीस मतकलमं केली होती. त्यातलं शेवटचं कलम ‘शेवटी सगळेच तरतील’ असं म्हणणाऱ्यांचा धिक्कार करणारं होतं. दहा वर्षांनी, एलिझाबेथ राणीच्या काळात, कलमांची फेरतपासणी झाली तेव्हा हे कलम गाळलं गेलं, आणि पुढे एकोणचाळीस कलमं कायम झाली. कुणी तरी तीनशे वर्षांपूर्वी एक परिच्छेद खोडला होता, त्याच्यामुळे विल्सन सुटले. जो धर्म आपल्या मतांचे कायदे लिहून ठेवतो, त्याला कायद्याच्या पळवाटाही मान्य कराव्या लागतात.

न्यायासनानं सांगितलं की अंतिम शिक्षेच्या नित्यतेबद्दल आम्ही मत देत नाही, पण दुष्टांनाही शेवटी क्षमा मिळू शकेल अशी आशा पाळकानं व्यक्त करणं दंडनीय ठरवावं, असं स्पष्ट विधान आम्हाला मतपत्रांत आढळत नाही. दोन्ही आर्चबिशपांनी बायबलच्या प्रेरणेबाबत वेगळं मत नोंदवलं. अपील मंजूर झालं. लंडनच्या वकीलमंडळींनी मग वेस्टबरींच्या थडग्यासाठी एक विनोदी मजकूर रचला. त्याचा आशय असा, की यानं नरकाचा दावा खर्चासह फेटाळून लावला आणि इंग्लंडच्या सनातनी ख्रिस्त्यांची अनंत नरकवासाची शेवटची आशा हिरावून घेतली.

सनातन्यांना मात्र हसू आलं नाही. ऑक्सफर्डमधले उच्चचर्चवादी पुसी आणि त्यांचे कट्टर विरोधक, सुवार्तावादी लॉर्ड शाफ्ट्सबरी, असे एकमेकांकडे ढुंकूनही न पाहणारे दोन पक्ष या एका प्रश्नावर एकत्र आले. त्याच महिन्यात ऑक्सफर्डहून एक जाहीरनामा निघाला, की नीतिमानांचं जीवन जसं कायमचं आहे तशीच शापितांची शिक्षाही कायमची आहे. त्यावर सुमारे ११,००० धर्मगुरूंनी सह्या केल्या. म्हणजे देशातल्या पाळकांपैकी जवळजवळ निम्म्यांनी. पापी माणसाला नरक हवा असतो की नाही कोण जाणे, पण पाळकांना तो नक्की हवा होता, आणि त्यामागे नुसता हट्ट नव्हता. नरकाची भीती गेली की गरीब माणूस मालकाला, सरकारला, कुणालाच भिणार नाही, हा युक्तिवाद त्या काळी सरळ उघडपणे केला जाई. शिवाय खरोखर श्रद्धाळू माणसाची अडचण आणखी खोल होती. नरक नसेल तर ख्रिस्तानं क्रुसावर मरून आपल्याला वाचवलं ते कशापासून?

हा प्रश्न इंग्लंडबाहेर अधिक बोचरा व्हायचा. मिशनरी जिथे जिथे गेले तिथे लोकांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो पूर्वजांचा. १५५२ च्या जानेवारीत कोचीनहून लिहिलेल्या पत्रात फ्रान्सिस झेवियर यांनी जपानमधल्या नव्या ख्रिस्त्यांची हकीकत दिली आहे. मेलेल्या आई-वडिलांना, आजोबा-पणजोबांना नरकातून काढता येईल का, असं ते विचारत. झेवियर त्यांना सांगत की त्यांना आता उपाय नाही. आणि ते लोक रडत. झेवियरही हे लिहिताना कळवळले आहेत, पण शिकवण बदलण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. जुन्या गोव्यात बासिलिका ऑफ बॉम जीझसमध्ये त्यांच्या शवाच्या दर्शनाला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे पत्र माहीत असेल?

तीनशे वर्षांनंतर दक्षिण आफ्रिकेत नाताळचे बिशप कोलेन्सो यांच्यापुढे झुलू लोकांच्या रूपात हाच प्रश्न उभा राहिला. त्यांनी मात्र शिकवण बदलली. १८६१ मध्ये त्यांनी रोमकरांस पत्रावर भाष्य लिहिलं आणि अनंत शिक्षेचा सिद्धान्त नाकारला. केप टाउनच्या बिशपांनी त्यांना पदच्युत केलं, प्रिव्ही कौन्सिलनं ते पदच्युत करणंच बेकायदा ठरवलं. नरकाच्या दृष्टीनं प्रिव्ही कौन्सिलची कामगिरी फारशी चांगली नव्हती.

हिंदुस्थानात हा वाद अधिक गमतीच्या वळणानं गेला. कंपनीच्या नोकरीतले स्कॉटिश संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताचं श्रेष्ठत्व मांडलं. त्याला तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरं दिली. त्यांतले दोघे मराठी. एक सिहोरचे सुबाजी बापू. दुसरा काशीत वाढलेला विशीतही न पोचलेला कोकणस्थ तरुण, नीलकंठ गोरे. १८४४ च्या सुमारास लिहिलेल्या ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त त्यानं कर्म आणि पूर्वजन्म न मानता जगातल्या दुःखाचा हिशेब कसा लावणार, असा ख्रिस्ती पक्षाला सवाल केला. चारच वर्षांनी, १८४८ मध्ये, त्याच तरुणानं जौनपूर इथे बाप्तिस्मा घेतला. पाद्र्याला वादात हरवायला गेलेला पंडित पाद्र्याच्या बाजूला जाऊन बसला आणि त्याचं नाव झालं नेहेम्या.

गोरे १८५४ मध्ये दुलीपसिंग महाराजांबरोबर इंग्लंडला गेले, राणीला भेटले, ऑक्सफर्डमध्ये मॅक्स म्युलरलाही भेटले. लंडनमधला प्रत्यक्ष ख्रिस्ती धर्म पाहून त्यांची निराशाच झाली, असं म्युलर यांनी लिहून ठेवलं आहे. मॉरिस यांची हकालपट्टी होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कुणाला वाटेल, की अशा माणसाला नव्या उदार विचारांची ओढ लागेल. झालं उलटं. १८६८ मध्ये कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजच्या छापखान्यातून गोऱ्यांची एक पुस्तिका निघाली. तिचा विषय होता अनंत शिक्षेच्या सिद्धान्तावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांना उत्तर. तिकडे ब्राह्मो समाजाची मंडळी म्हणत होती की देव शिक्षा करतो ती सुधारण्यासाठी, छळण्यासाठी नव्हे. इंग्लंडातले मॉरिसवादी जवळपास तेच म्हणत होते. गोऱ्यांना ते मान्य नव्हतं.

त्यांच्या या हट्टाचं कारण, मला वाटतं, त्यांच्या धर्मांतरातच आहे. जन्मजन्मांतरीचा हिशेब सोडून देऊन त्यांनी एक जन्म, एक न्याय हे स्वीकारलं होतं, आणि त्यासाठी आपली माणसं, जात सगळं सोडलं होतं. नरकानंतरही पुन्हा संधी मिळते असं म्हटलं, की वेगळ्या नावानं तेच जुनं घर परत येतं. मॉरिस यांना ज्यात मोकळा वारा वाटला, त्यात गोऱ्यांना आपण सोडून आलेल्या वाड्याची हवा वाटली असावी. पुढे गोरे काउली फादर्स या संस्थेत दाखल झाले, पुण्यात राहिले. पंडिता रमाबाईंनी आपल्यावर गोऱ्यांच्या लेखनाचा प्रभाव पडल्याचं स्वतः सांगितलं आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही रमाबाई तिथल्या मठातल्या भगिनींशी सिद्धान्तांवरून वाद घालत राहिल्या. गोऱ्यांच्या शिष्येनं गोऱ्यांसारखं निमूट मान्य करायला नकार दिला.

आता मॉरिस यांच्या वर्गातला तो विद्यार्थी. फ्रेडरिक विल्यम फॅरर यांचा जन्म ७ ऑगस्ट १८३१ रोजी मुंबईत झाला. वडील चार्ल्स फॅरर चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी. नाशिकमध्ये या मिशनचं काम त्यांनीच सुरू केलं. त्या सोसायटीतल्या माणसांना परधर्मीय आत्म्यांचं पुढे काय होतं याबद्दल शंका नसे. त्यासाठीच तर जहाजात बसून इतक्या लांब यायचं. मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला इंग्लंडला मावश्यांकडे पाठवलं, तिथेच तो वाढला. शाळामास्तर झाला, हॅरो आणि मार्लबरोच्या शाळांत रमला, ‘एरिक’ ही रडकी शाळाकथा लिहून हिणवला गेला आणि ‘ख्रिस्तचरित्र’ लिहून प्रसिद्ध झाला. १८७६ मध्ये तो वेस्टमिन्स्टर ॲबीचा कॅनन झाला.

११ नोव्हेंबर १८७७ रोजी फॅरर ॲबीच्या व्यासपीठावर उभे राहिले आणि नरक काय नाही, ते त्यांनी सांगितलं. शरीराची आग नाही. मानवजातीच्या बहुसंख्य लोकांचा शेवट तिथे नाही. मरताक्षणी ठरून कायमचं बंद होणारं दार नाही. सगळ्यांसाठी न संपणारंही नाही. प्रवचन अलंकारांनी ओथंबलेलं होतं, फॅरर यांची ती सवयच होती. पण ज्या व्यासपीठावरून ते बोलले ते देशाचं व्यासपीठ होतं. अर्धवट बातम्या वृत्तपत्रांत आल्या, गदारोळ झाला, आणि १८७८ मध्ये प्रवचनांचं पुस्तक ‘इटर्नल होप’, म्हणजे ‘शाश्वत आशा’, या नावानं निघालं. मॉरिस यांची नोकरी गेली तेव्हा जी गोष्ट निबंधाच्या शेवटी दबकत लिहावी लागली होती, ती चोवीस वर्षांनी मोठ्यानं बोलली गेली आणि बोलणाऱ्याला कुणी काढून टाकलं नाही. फॅरर यांना बिशपपद मात्र कधी मिळालं नाही, आणि त्याचं कारण ही प्रवचनं, असं अनेकांनी मानलं.

ऐंशीला टेकलेले पुसी उत्तर द्यायला पुढे सरसावले. १८८० मध्ये त्यांचं पुस्तक आलं. ते वाचताना फॅरर चकित झाले असतील. बहुसंख्य माणसं नरकातच जातात, असं मानणं श्रद्धेचा भाग नाही, असं पुसी म्हणत होते. आगीचं वर्णन अक्षरशः घ्यायलाच हवं, असंही नाही. मरणानंतर शुद्धीकरणाला जागा आहे. उरलं ते एवढंच, की शेवटपर्यंत देवाला जाणूनबुजून नाकारणाऱ्यालाच कायमची शिक्षा. फॅरर यांनी १८८१ च्या पुस्तकात उत्तर दिलं, की मग आपल्यात फरक फारच थोडा राहिला. नरकाचा सर्वात विद्वान रखवालदार त्याची बहुतेक दारं आपणच उघडून गेला होता.

त्याच वर्षी, १८८१ मध्ये, इंग्रजी नव्या कराराचं सुधारलेलं भाषांतर प्रसिद्ध झालं. जुन्या भाषांतरात ग्रीक हेडीस आणि गेहेन्ना या दोन वेगळ्या शब्दांना एकच ‘हेल’ होता. नव्यात हेडीस वेगळा काढला गेला. गेहेन्ना म्हणजे मुळात जेरुसलेमच्या दक्षिणेची एक दरी. ‘डॅम्नेशन’ हा शब्द तर गेलाच. पण ज्या वाक्यावर सगळं भांडण होतं, तिथे उलट झालं. जुन्या इंग्रजीत शिक्षेला एक आणि जीवनाला दुसरं विशेषण होतं, नव्यात दोन्हींना एकच. ऑगस्टीन खूश झाला असता.

पुढच्या एप्रिलात डार्विन वारला. त्याला ॲबीत पुरलं तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत फॅरर होते. १८६६ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीत घ्यावं म्हणून डार्विननंच त्यांचं नाव सुचवलं होतं. डार्विनच्या कागदपत्रांत त्याचं आत्मवृत्त होतं. त्यात त्यानं लिहिलं होतं, की ही शिकवण खरी मानायची तर माझे वडील, माझा भाऊ आणि माझे जवळजवळ सगळे जिवलग मित्र कायमच्या शिक्षेला जाणार, असा सिद्धान्त धिक्कारार्हच होय. डार्विनची पत्नी एमा भाविक होती. तिला तो मजकूर छापला जाऊ नये असं वाटलं, म्हणून १८८७ च्या आवृत्तीतून तो काढला गेला. तो परत आला १९५८ मध्ये, डार्विनच्या नातीनं संपूर्ण आवृत्ती काढली तेव्हा. नरक चर्चमधून निघून जात होता, घरातून अजून नव्हता.

१८९६ मध्ये म्हाताऱ्या ग्लॅडस्टननं खंत व्यक्त केली, की नरकाचा विचार ख्रिस्ती मनाच्या कुठल्या तरी अंधाऱ्या कोपऱ्यात ढकलला गेला आहे. शेवटी जवळजवळ शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये, चर्च ऑफ इंग्लंडच्या सिद्धान्त आयोगानं नरक म्हणजे अनंत यातना नव्हे, तर देवाला अखेरपर्यंत नाकारल्यामुळे येणारं संपूर्ण अस्तित्वहीनपण, असं मांडलं. विल्सन यांच्यावर ज्या आशेबद्दल खटला झाला, तिच्याइतकं हे दिलासादायक नाही, पण भट्टी विझली एवढं खरं.

१८९५ मध्ये फॅरर कँटरबरीचे डीन झाले. नीलकंठशास्त्री गोरे त्याच वर्षी वारले. मुंबईत जन्मलेला इंग्रज पाप्यांना आशा देऊन मोठा झाला आणि काशीत वाढलेला कोकणस्थ शेवटपर्यंत शिक्षेच्या बाजूनं राहिला. मराठी भाषांतरकारांनी मात्र हा वाद आपल्या पद्धतीनं कधीच मिटवला होता. बायबल सोसायटीच्या मराठी पवित्र शास्त्रात मत्तयच्या त्या वाक्यात शिक्षा आणि जीवन दोन्हींना एकच विशेषण आहे, आणि त्यात ‘काळ’ हा शब्द ठळक बसलेला आहे: सार्वकालिक.